बाबांना घरी सेवा हवी, आईला घरात कोणी नको: कोविडनंतर नक्की काय बदललं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. नाशिकला इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर ८१ वर्षांचे वडील आणि ७५ वर्षांची आई राहतात. २०१९ मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हा सकाळी पेशंट सांभाळणारी बाई यायची आणि आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट. मार्च २०२० मध्ये दोघांचं येणं थांबलं ते थांबलंच. तेव्हापासून सगळं आईच करते. गेल्या महिन्यात लघवीचा संसर्ग होऊन वडील आठ दिवस ॲडमिट होते, आता कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घेऊन घरी आले आहेत. तुम्ही बंगळुरूला, भाऊ न्यू जर्सीला. भाऊ म्हणतो, कोविडनंतर सगळं जग घरच्या सेवेकडे वळलंय, चोवीस तासांची नर्स लावून टाकू. आई म्हणते, मला घरात कोणी नको. आणि तुम्ही विचारताय की कोविडनंतर म्हाताऱ्या माणसांसाठी घरी सेवा घेणं वाढलं की कमी झालं, आणि आता त्यावर भरवसा ठेवावा का.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलेली परिचारिका. अकरा वर्षं वॉर्डात काढली, २०१४ पासून नाशिकमध्येच घरोघरी जाऊन काम करते. कॅथेटर, ड्रेसिंग, नाकातली नळी, इंजेक्शनं, आणि सुट्टी होऊन आलेल्या पेशंटच्या घरच्यांना शिकवणं. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही.

तुमचा निरोप मी दोनदा वाचला. त्यात वडिलांबद्दल पंधरा ओळी आहेत. आईबद्दल एकच, तीही तिच्या नकाराची. माझ्या अनुभवाने सांगते, घोडं तिथेच अडलंय. वडिलांना कोणती सेवा लागते हे तासाभरात ठरवता येईल. आईने दार का लावून घेतलंय हे कळल्याशिवाय मात्र कोणतीही नर्स त्या घरात आठवडाभर टिकणार नाही. म्हणून वाढलं की घटलं याचं उत्तर आधी देते, कारण आईचं वागणं त्यातूनच उलगडतं.

मार्च २०२० च्या सुरुवातीला माझ्याकडे वीसेक घरं होती. २२ तारखेचा जनता कर्फ्यू झाला, २५ पासून टाळेबंदी लागली आणि एप्रिल उजाडेपर्यंत पाच-सहा घरं उरली. लोकांना वाटतं आजारपणाच्या काळात आमचं काम वाढलं असेल. सुरुवातीला नेमकं उलटं झालं. निम्म्या घरांनी स्वतःच फोन करून सांगितलं, "सिस्टर, सध्या नका येऊ, तुम्ही दहा घरं फिरता." त्यांचं चूक नव्हतं, मी फिरतच होते. काही ठिकाणी घरच्यांची हरकत नव्हती, पण सोसायटीच्या गेटवर सेक्रेटरी उभे. आमच्याच जिल्ह्यातलं मालेगाव एप्रिलमध्ये रोज बातम्यांत होतं, त्यामुळे पांढरे कपडे दिसले की लोक दोन पावलं मागे सरायचे. मी गाडीवरून जाताना साधा पंजाबी ड्रेस घालायला लागले आणि एप्रन पिशवीत ठेवायचे.

तिसरं कारण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. नाशिकमध्ये पेशंट सांभाळणाऱ्या ज्या बायका आहेत, त्यातल्या कितीतरी पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूच्या. पंचवटीत नाहीतर सिडकोत दोघी-तिघी मिळून खोली करून राहतात. टाळेबंदी लागल्यावर मिळेल त्या वाहनाने, काही जणी चक्क पायी, गावी गेल्या. एसटी बंद. जूनमध्ये परत याव्यात तर भाताची आवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली. आवणी उरकल्याशिवाय कोण येतंय? म्हणजे ज्या घरांना बाई हवी होती, त्यांनाही दसऱ्याच्या सुमारापर्यंत मिळाली नाही. तुमच्या आईकडे येणारी बाईही अशीच गेली असेल तर नवल नाही.

मग ज्यांचं थांबवणं शक्यच नव्हतं अशी घरं राहिली. कॅथेटरवाले, जखमावाले. आणि शिकवणं राहिलं, तेही फोनवरून. सिडकोतल्या एका घरी मधुमेही आजींच्या पायाला जखम होती. सुनेने साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला होता आणि मी इकडून सांगत होते, आधी हात धू, आता जुनं गॉज सलाईनने भिजव, ओढू नकोस, भिजेपर्यंत थांब. पहिल्या दिवशी ती रडली. पंधराव्या दिवशी तिनेच मला सांगितलं, "ताई, आज कडेला गुलाबी दिसतंय." वर्ग न घेता, परीक्षा न देता त्या वर्षी नाशिकमधल्या कितीतरी सुना, मुली आणि म्हाताऱ्या बायका अर्ध्या नर्स झाल्या. तुमची आई त्यातलीच एक.

पण फोनवर शिकवण्याला मर्यादा असते. टेलिमेडिसिनची नियमावली सरकारने काढली ती २५ मार्च २०२० लाच, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, आणि त्यामुळे डॉक्टरांना व्हिडिओवरून तपासून औषध लिहून देता यायला लागलं. त्याचा उपयोग झाला हे नाकारत नाही. मात्र व्हिडिओवरून पेशंटची कूस बदलता येत नाही, आखडलेला खांदा सैल करता येत नाही. ऑगस्टमध्ये पंचवटीतल्या एका घरी पाच महिन्यांनी गेले. आजोबा तुमच्या वडिलांसारखेच, उजवी बाजू गेलेली. मार्चपर्यंत फिजिओ यायचे, तेव्हा हात थोडा उघडत होता. आता मूठ घट्ट मिटलेली, आणि उघडून बघितली तर नखं तळव्यात रुतून तिथे जखम झालेली, आत पांढरट मळ आणि घाण वास. घरच्यांनी आजोबांना फुलासारखं जपलं होतं. रोज अंघोळ, दोन वेळा ताजं जेवण, औषधाची एक गोळी चुकवली नव्हती. पण मूठ उघडायची असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कोविडने ज्यांना गाठलं त्यांची मोजदाद तरी झाली. घरात पडून आखडलेल्या या हातापायांची कुठे नोंद नाही.

दुसऱ्या लाटेत चित्र फिरलं. एप्रिल २०२१ मध्ये दवाखान्यात बेड नाहीत, आणि २१ तारखेला आपल्याच शहरातल्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन २० हून अधिक पेशंट गेले. त्यानंतर कित्येक घरांनी "मरायचं तर घरी" असंच ठरवून टाकलं होतं. फोन थांबायचे नाहीत. ऑक्सिजनचं कॉन्सन्ट्रेटर आणलंय, लावून द्या. सलाईन लावा. रेमडेसिव्हिर मिळालंय, घरीच द्या. शेवटच्याला मी साफ नाही म्हटलं, ते इंजेक्शन घरी द्यायचं नव्हतंच. त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. घरात साधारण पाच लिटरचं मशीन असायचं, आणि ज्याला मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन लागतोय त्याला ते पुरत नाही, हे समजावताना घसा कोरडा पडायचा. पालथं झोपवा, सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघा, ९४ च्या खाली गेला तर थांबू नका, असं दिवसभर तेच तेच सांगत होते. तेव्हा माझं काम तिपटीने वाढलं. पण ती सेवा नव्हती, आग विझवणं होतं. तो काळ धरून कोणी "घरची सेवा वाढली" म्हणत असेल तर ते मला पटत नाही.

लाट ओसरल्यावर काय राहिलं ते खरं महत्त्वाचं. माझ्या अनुभवापुरतं बोलते. सुटी-सुटी, तासाभराची कामं वाढली आणि वाढलेलीच राहिली: घरून रक्त घेऊन जाणं, घरी येऊन कॅथेटर बदलणं, ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी, फोनवर डॉक्टर. पूर्वी ज्या घरांतून "त्यापेक्षा रिक्षा करून दवाखान्यात नेतो" असं ऐकायचे, ती घरं आता आपणहून बोलावतात. शिवाय दवाखानेही लवकर सुट्टी देतात. पूर्वी नळी निघेपर्यंत वॉर्डात राहणारा पेशंट आता नळीसकट घरी येतो, तुमचे वडील आले तसा. रोज येणारी, अंगाखांद्यावरची कामं करणारी बाई मात्र पुष्कळ घरांत परत आलीच नाही. काही घरांना परवडेनासं झालं. काहींना सवय मोडली. आणि काही घरांत, बहुतेक तुमच्याही, आजींनी ती जागा भरून काढली आणि ती पुन्हा कोणाला द्यायची त्यांची तयारी नाही.

आता भावाच्या म्हणण्याबद्दल. तो तिकडे बघून बोलतोय, आणि तिकडचं सगळं खोटं नाही. अमेरिकेत ६५ च्या पुढच्यांना मेडिकेअर या सरकारी विम्यातून घरी नर्स, फिजिओथेरपिस्ट मिळतात. तिथेही २०२० च्या वसंतात आधी घसरणच झाली, कारण गुडघ्याची, खुब्याची ठरवून करायची ऑपरेशनं थांबली आणि त्या ऑपरेशननंतर घरी लागणारी सेवाही थांबली. वर, दारात आलेल्या नर्सला म्हातारी माणसं घाबरून परत पाठवत होती. पुढे उलटं झालं. वृद्धाश्रमासारख्या नर्सिंग होममध्ये कोविडने हाहाकार माजवला होता, म्हणून दवाखान्यातून सुटलेला पेशंट तिथे पाठवण्याऐवजी लोक घरी न्यायला लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये तर तिथल्या सरकारने दवाखान्याच्या दर्जाचे उपचारच घरी द्यायला परवानगी दिली. पण भावाला एक विचारा. मेडिकेअरची ती नर्स घरी किती वेळ असते? डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं, पेशंट घराबाहेर पडू न शकणारा असावा लागतो, आणि ती येते ठरावीक कामापुरती, काम करून जाते. अंघोळ घालायला, भरवायला, रात्री उशाशी बसायला चोवीस तास माणूस त्यात मिळत नाही. त्याला हवी आहे ती इकडच्या पद्धतीची बाई, आणि उदाहरण देतोय तिकडच्या नर्सचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळलं की तुम्हा भावांमधला निम्मा वाद मिटेल.

आता आई.

तिच्या जागी बसून हिशेब करा. मार्च २०२० मध्ये बाई बंद झाली आणि तिने दार लावून घेतलं. शेजारीपाजारी, नात्यात माणसं गेली. तिच्या घरात अर्धांगवायू झालेला, मधुमेह असलेला, सत्तरीपलीकडचा माणूस होता, म्हणजे डॉक्टर ज्यांना सर्वांत जास्त जपायला सांगत होते त्यातला. आणि तो वाचला. दोन्ही लाटांतून. तिच्या लेखी त्या बंद दारानेच तो वाचला. तुम्ही "आई, आता कोविड गेला, बाई ठेवू" म्हणता तेव्हा तिला ऐकू येतं, "तू जे केलंस ते आता पुरे." अशा वेळी साथ संपल्याचे आकडे दाखवून काही होत नाही. मी तो प्रयोग दोन-तीन घरांत करून तोंडघशी पडले आहे.

त्याऐवजी मी काय करते ते सांगते. नवीन घरी गेले की पेशंटच्या आधी आजींच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळते. "माझं कशाला, त्यांचं बघ" असं म्हणत म्हणत त्या हात पुढे करतात. गंगापूर रोडच्या एका आजींचं वरचं बीपी १९० च्या पुढे निघालं होतं. दोन वर्षांत स्वतःसाठी त्या दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन २०२० च्या एप्रिलमध्ये ठरलं होतं, ते राहूनच गेलं होतं, आणि त्या एका डोळ्याने इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा मोजत होत्या. त्यांना "तुम्हाला होत नाही" असं कोणी म्हटलं असतं तर दार पुन्हा बंद झालं असतं. मी एवढंच म्हटलं, "आजी, डोळ्याच्या ऑपरेशनला तुम्हाला काही दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. तेवढे दिवस आजोबांना कोण उचलणार ते तुम्ही सांगा." बाई त्यांनीच शोधायला सांगितली. ऑपरेशन होऊन गेलं, बाई राहिली.

तुमच्या आईलाही असं काहीतरी राहिलेलं नक्की असेल. पाठ, गुडघा, दात, डोळा. तिच्याकडून ते काढून घ्या. आणि बाई बाबांसाठी नव्हे, तिच्या ऑपरेशनसाठी किंवा पाठीसाठी, ठरावीक दिवसांपुरती येऊ दे.

आता नक्की कोण लागेल. हे परिस्थितीवर आहे आणि इथून सांगण्यात अर्थ नाही, तरी विचार कसा करायचा ते सांगते. वडील आधार दिला तर पलंगाच्या कडेला बसतात का? गिळताना ठसका लागतो का? रात्री किती वेळा उठवतात? बसत असतील, ठसका लागत नसेल आणि रात्र शांत जात असेल, तर चोवीस तासांची माणसं लावणं म्हणजे पैसे वाया आणि आईच्या स्वयंपाकघरात सतत एक अनोळखी माणूस. अशा वेळी सकाळी दोन-तीन तास पुरतात. अंघोळ, कपडे, खुर्चीत बसवणं, एवढं झालं की आईचं कमरेचं काम संपतं. रात्री चार-चार वेळा उठावं लागत असेल तर मात्र दिवसाची नको, रात्रीची बारा तासांची ड्युटी लावा. आईची झोप झाली तर ती दिवस निभावून नेईल. लोक उलटं करतात, दिवसा बाई लावतात आणि रात्र म्हातारीवर सोडतात.

नर्स आणि बाई यात गल्लत करू नका. जीएनएम किंवा एएनएम झालेल्या नर्सची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी असते, ती बघायला मागा, खरी नर्स त्यात अपमान मानत नाही. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून जी "नर्स" येते ती बऱ्याचदा अनुभवाने शिकलेली बाई असते. ती वाईट नाही. कूस बदलणं, भरवणं, पॅड बदलणं यात मी पाहिलेल्या काही मावश्यांच्या हाताला तोड नाही. पण तिच्याकडून कॅथेटर बदलून घेऊ नका आणि नर्सच्या पैशात बाई घेऊ नका. वडिलांना अंघोळीला पुरुष माणूस, म्हणजे वॉर्डात ज्यांना आपण मामा म्हणतो तसा, हवा असेल तर वेळ लागेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम मिळत असताना या कामाला पुरुष कमी येतात. दर मुद्दाम लिहीत नाही, ते भागाप्रमाणे आणि ड्युटीप्रमाणे बदलतात आणि इथे लिहिलेले दोन महिन्यांत शिळे होतात. ब्युरोला एक प्रश्न नक्की विचारा, आवणीत आणि दिवाळीत बदली माणूस देणार का? "बघू" असं उत्तर आलं तर ते "नाही" समजा.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, बाबांसाठी पंधरवड्याला किंवा लागेल तेव्हा खरी नर्स, आठवड्याला दोन-तीनदा फिजिओ, आणि आईच्या पाठीसाठी सकाळची बाई. चोवीस तासांचा विचार वडिलांची अवस्था बघितल्यावर.

फिजिओचं लोक टाळतात, "आता इतकी वर्षं झाली, काय सुधारणार" म्हणून. चालायला लागतील असं मीही म्हणत नाही. पण सांधे आखडू न देणं, कुशीवर नीट वळवता येणं, पाठ सरळ ठेवून बसता येणं, यानेच आईचं ओझं हलकं होतं. म्हातारं माणूस आठ दिवस दवाखान्यात पडलं तरी पायातली ताकद झपाट्याने जाते. ॲडमिट व्हायच्या आधी ते जेवढं करत होते तेवढं आता करत नसतील, तर वयावर ढकलून सोडून देऊ नका.

कॅथेटरबद्दल थोडं लांबवते, कारण संसर्ग तिथूनच परत येईल. पहिली गोष्ट, तो अजून लागतोच आहे का हे डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा दवाखान्यात सोयीसाठी घातलेली नळी तशीच घरी येते आणि "काढा" असं म्हणायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. लागणारच असेल तर तो साधा आहे की सिलिकॉनचा ते पाहा. साधा दोन-तीन आठवड्यांत बदलावा लागतो, सिलिकॉनचा जास्त टिकतो, साधारण तीन महिन्यांपर्यंत, तरी तारीख डॉक्टरांकडूनच घ्या. पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली. खुर्चीत बसवताना लोक पिशवी मांडीवर ठेवतात, आणि लघवी उलटी आत जाते. पिशवी जमिनीलाही टेकू द्यायची नाही. अर्धी-पाऊण भरली की खालच्या तोटीतून रिकामी करायची. नळी आणि पिशवी यांचा जोड उगाच उघडायचा नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला की दर वेळी ताप येतोच असं नाही. अचानक बरळायला लागले, तुम्हाला ओळखेनात, दिवसभर झोपून राहिले, तर "वय झालं" म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करता असं लिहिलंय. चांगलं आहे. पण आई कॅमेरा वडिलांच्या चेहऱ्यावर धरत असणार. दाढी केलेली, कपाळाला गंध, "बघ, बाबा हसतायत." आठवड्यातून एकदा तिला म्हणा, चेहरा नको, टाचा दाखव. मग माकडहाड, मग उजव्या हाताचा तळवा उघडून. आपल्या कातडीवर सुरुवातीचा लालपणा पटकन दिसत नाही, तिथे रंग जरा गडद होतो, हात लावला तर गरम किंवा टणक लागतं. बोटाने दाबून सोडलं आणि रंग फिका झालाच नाही, तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे असं समजा. दर दोन तासांनी कूस बदलणं आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणं, यासारखा उपाय नाही. ती हवेची गोल रिंग मेडिकलवाले अजून देतात, ती नको, तिच्या कडेचा दाब आणखी वाईट. लाल झालेल्या जागी स्पिरिटने चोळायचं नाही. (माझ्या सासूबाईंनी माझ्याच देखत माझ्या चुलत सासऱ्यांना चोळलं होतं. घरकी मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.)

पैशांचं थोडक्यात, कारण भाऊ विम्याबद्दल बोलला असेल. २०२० च्या जुलैत आलेल्या कोरोना कवच पॉलिसीत घरच्या उपचारांचा खर्च १४ दिवसांपर्यंत मिळत होता. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय की विमा घरच्या नर्सचे पैसे देतो. ती सोय कोविडपुरती होती. साध्या आरोग्य विम्यात घरी उपचारांचं जे कलम असतं ते सहसा पेशंटला हलवता येत नसेल किंवा बेडच मिळत नसेल तेव्हाचं आणि तीन दिवसांवरच्या उपचारांचं असतं. रोजच्या बाईचा पगार त्यात बसत नाही. ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं जे कवच ऑक्टोबर २०२४ पासून मिळतंय तेही ॲडमिट झाल्यावरचं. काढून ठेवा, पुढच्या ॲडमिशनला उपयोगी पडेल, पण घरच्या सेवेचा खर्च तुम्हा दोघा भावांच्या खिशातूनच जाणार असं धरून चाला आणि तसं आईला स्वच्छ सांगा. पुष्कळ आयांचा अर्धा नकार "पोरांचे पैसे जातात" एवढ्यासाठीच असतो.

राहिला तुमचा भरवशाचा प्रश्न. अनोळखी माणसावर आंधळा भरवसा मीही ठेवत नाही. ब्युरोकडून आधार कार्डाची प्रत घ्या, पोलीस पडताळणी झाली आहे का विचारा, दागिने-रोकड बँकेत ठेवा. हे सगळं कोविडच्या आधीही असंच होतं. कोविडनंतर माझ्या कामात एकच गोष्ट नवीन आली आणि ती मी सोडली नाही: घरात पाऊल टाकताच साबणाने हात धुणं, घरच्यांच्या डोळ्यांदेखत, आणि सर्दी-खोकला असेल तर मास्क लावणं किंवा येणंच नाही. तुमच्या आईला ही अट घालू द्या. बाईला तीच सांगेल, तीच तपासेल. पहिल्या आठवड्यात बाईने वडिलांना हात लावायचाच नाही, आई करते ते नुसतं बघायचं, असंही चालेल. पाच-सहा वर्षं एकटीने केलेल्या कामाला कुणीतरी बघणारं मिळालं की आजी आपणहून सांगायला लागतात, "असं नाही, त्यांना डाव्या कुशीवर बरं वाटतं, उशी इथे ठेव." अशा मावशीला मी वही देते. आजी सांगतील ते लिहून घ्यायचं. तीच वही पुढे लघवीचं माप, संडास, कूस बदलल्याच्या वेळा यांच्या नोंदीला होते आणि मी गेले की आधी ती उघडते.

आणि पहिल्या दिवशी चहा कोण करणार हे आधी ठरवून ठेवा. हसू नका. माझ्या बघण्यात तीन बायका त्याच कारणाने सोडून गेल्या.

हे सगळं जमवायला पंधरा दिवस लागतील. आजचं काम एकच. रात्री आईला फोन कराल तेव्हा दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड काढायला सांगा आणि त्यावर कॅथेटर कधी घातला ती तारीख लिहिली आहे का, आणि तो साधा की सिलिकॉनचा हे लिहिलंय का, ते वाचून दाखवायला सांगा. तारीख नसेल तर उद्या सकाळी नऊच्या आत वॉर्डला फोन करा, तेव्हा ड्युटी बदलून झालेली असते आणि पेशंटचे कागद सिस्टरच्या टेबलावर असतात. उत्तर मिळालं की इथेच लिहा, बदलायला कधी बोलवायचं ते बघू.